भिशीचे ९,००० रुपये, माणसं तीन : हेल्मेट, ग्लोव्हज, गार्ड, जॅकेट यांत आधी काय घ्यावं?

शिफ्टवाला

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय.

मी मंचरचा. चाकण एमआयडीसीत कंत्राटावर काम करतो. पुणे-नाशिक हायवेने जायला तीस आणि यायला तीस किलोमीटर, गाडी १२५ सीसी. शिफ्ट आळीपाळीने. बायको राजगुरुनगरला पॅकिंगच्या कामावर जाते, आमच्या वेळा जुळल्या की ती माझ्या मागे असते. मुलगी साडेपाच वर्षांची. माझी सेकंड असली की सकाळी तिला शाळेत मी सोडतो. (तिघं एका गाडीवर कधीच जात नाही, आधीच सांगतो.)

गेल्या महिन्यात थर्ड करून घरी येत होतो. सर्व्हिस रोडला खोदकाम चालू होतं, खडी पसरलेली, उजाडायचं होतं. वेग तीसच्या आसपास. पुढचं चाक सटकलं आणि गाडीसकट आडवा झालो. डोक्यावर रस्त्याकडेला अडीचशे रुपयांना घेतलेलं टोपीसारखं हेल्मेट होतं. त्याचा पट्टा बक्कलातून निसटला आणि हेल्मेट डोक्यावरून उडून गेलं. आधी खांदा टेकला म्हणून डोकं वाचलं. दोन्ही तळहातांची सालटी निघाली, उजव्या गुडघ्याला सात टाके पडले, एकोणीस दिवस घरी बसलो. कंत्राटात हजेरी नाही तर पगार नाही.

या महिन्यात भिशी लागली आहे. घरात बोलून त्यातले ९,००० रुपये फक्त यासाठी बाजूला काढलेत. यूट्यूबवर पाहिलं तर तेवढ्यात एक चांगलं जॅकेटच येतं. हेल्मेट घेऊ की जॅकेट? स्वस्तातलं सगळं थोडं थोडं घेऊ की एकच वस्तू चांगली घेऊ? बायकोकडे हेल्मेट नाही. मुलीकडेही नाही.

घाटवाट

आधी बरे झालात हे वाचून जिवात जीव आला. गुडघ्याचा व्यायाम सोडू नका.

मी पंधरा वर्षं गाडीवर फिरतोय. ताम्हिणी, आंबेनळी, माळशेज सगळे घाट पालथे घातले आहेत. माझं मत सरळ आहे. ३,००० चं हेल्मेट आणि ६,००० चं जाळीचं जॅकेट घ्या. खांद्याला, कोपराला आर्मर (मार झेलणारी टणक गादी) मिळतो, अंगाची सालटी वाचतात, जाळी असल्याने उन्हाळ्यात जीव घुसमटत नाही. बाकी हळूहळू जमवा. स्वस्तातलं चार ठिकाणी वाटून घेतलं की एकही गोष्ट धड होत नाही.

रात्रपाळी

मी नाशिक जिल्ह्यात अपघात विभागात परिचारिका आहे, अकरा वर्षं झाली. घाटवाट यांचा अनुभव मोठा आहे, तरी मला त्यांचं पटत नाही. त्यांच्या हिशेबात माणूस एकच आहे. शिफ्टवाला दादांच्या गाडीवर एका वेळी एक माणूस नसतो.

रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली. हेल्मेट नसताना गेलेली त्यात ५०,०२९. आणि या पन्नास हजारांत १४,३३७ माणसं गाडी चालवत नव्हती, मागे बसलेली होती. आमच्याकडे येतात त्यांत बायकाच जास्त. नवऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट असतं, त्याला खरचटलेलं असतं, आणि मागच्या बाईला स्ट्रेचरवरून थेट सिटी स्कॅनला न्यावं लागतं. नवरा बाहेर उभा असतो, हातात त्याचं हेल्मेट घेऊन. हे मी इतक्या वेळा पाहिलंय की त्यावर शांतपणे लिहिता येत नाही.

म्हणून दादा, पहिला खर्च तीन डोक्यांचा. तिन्ही हेल्मेट झाल्याशिवाय दुसऱ्या वस्तूकडे पाहायचंच नाही. हनुवटी झाकणारं पूर्ण हेल्मेट घ्या. अर्ध्या हेल्मेटमध्ये कवटी वाचते, पण जबडा फुटलेला, पुढचे दात गेलेले पेशंट महिनोन् महिने नळीने, पातळ खाऊन राहतात.

दुसरा खर्च हातांचा. पडताना माणूस हात पुढे टाकतोच, ते शिकवावं लागत नाही. तळहाताची कातडी गेली की काय होतं ते तुम्ही भोगलंत. घास भरवायलासुद्धा दुसरं माणूस लागतं. तिसरा गुडघा. जॅकेट वाईट नाही, पण तुमच्या पैशांत त्याचा नंबर चौथा.

आणखी एक. कोणी पडलेला दिसला तर त्याचं हेल्मेट ओढून काढू नका. मानेला इजा असेल तर ओढल्याने वाढते. काच वर करा, पट्टा सैल करा, श्वास चालू आहे का पाहा आणि १०८ ला फोन लावा.

नानापेठ_रोज

पुण्यात नाना पेठेत स्पेअरच्या दुकानात काउंटरला असतो. माल कुठल्या कंपनीचा घ्या हे सांगत नाही, बघून कसा घ्यायचा ते सांगतो.

१ जून २०२१ पासून दुचाकीचं हेल्मेट आयएसआय खुणेशिवाय बनवायला, विकायला बंदी आहे. तरी रस्त्याकडेला विकलं जातंच, तुमचं तसलंच होतं. नुसता आयएसआयचा स्टिकर बघून फसू नका, स्टिकर कुणीही छापतो. खुणेच्या वर 'आयएस ४१५१' असं लिहिलेलं हवं आणि खाली 'सीएम/एल' पुढे परवाना क्रमांक हवा. बीआयएस केअर नावाचं सरकारी ॲप आहे, फुकट. त्यात तो क्रमांक टाकला की परवाना कुणाच्या नावावर आहे आणि चालू आहे का ते कळतं. दुकानात उभं राहूनच टाका. चांगला दुकानदार रागावत नाही.

मग आत हात घाला. कापडाच्या अस्तराखाली घट्ट, टणक थर्मोकोल लागला पाहिजे. धक्का तोच खातो. वरची टोपी फक्त भार पसरवते आणि टोकदार वस्तू आत येऊ देत नाही. थर्मोकोल दाबला जाऊन चुरतो, त्या चुरण्यात धक्क्याची ताकद संपते. म्हणून एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी संपलं. स्वस्त मालात थर्मोकोलच्या जागी नुसता स्पंज भरतात. बोटाने दाबला की गादीसारखा आत जातो.

पैसे कुठे वाचवायचे? चित्रांवर. तेच हेल्मेट, तोच साचा, तेच थर्मोकोल, फक्त वर ग्राफिक्स आलं की तीन-चारशे जास्त. साधं पांढरं किंवा फिकट रंगाचं घ्या, रात्री दिसतंही जास्त. आणि ज्याची काच गावात सुटी मिळते तेच मॉडेल घ्या. दोन वर्षांत काचेवर ओरखडे पडणारच, ती बदलता आली की अख्खं हेल्मेट बदलावं लागत नाही. काळी काच थर्ड शिफ्टवाल्याने घ्यायचीच नाही.

१,४०० ते २,००० मध्ये आयएसआयचं साधं फुल फेस सहज मिळतं. बेळगाव, फरीदाबादचा आपल्याकडे बनणारा माल या भावात आहे.

घाटवाट

रात्रपाळी ताई, मागच्या माणसाचा विचार मी केलाच नाही, खरं आहे. पण १,५०० च्या हेल्मेटवर विसंबायचं का? परदेशी ईसीई प्रमाणपत्राची हेल्मेट चार-साडेचारपासून सुरू होतात. त्यांच्या २२.०६ या नव्या चाचणीत तिरका मारही तपासतात. डोकं एकच असतं.

नानापेठ_रोज

दादा, चाचणी वरचढ आहे, मान्य. पण यांच्या घरात डोकी तीन आहेत. साडेचारचं एक घेतलं की उरलेल्या साडेचार हजारांत दोन हेल्मेट, हात, गुडघे, सगळं बसवायचं. माझ्या काउंटरवर मी रोज बघतो, भारी हेल्मेट एकाला घेतात आणि बायकोला 'नंतर बघू' म्हणतात. ते नंतर येत नाही.

शिवाय मापात नसलेलं साडेचार हजाराचं हेल्मेट मापातल्या दीड हजाराच्या हेल्मेटपुढे फोल आहे. शिंप्याची टेप घ्या, भुवयांच्या बोटभर वरून डोक्याचा घेर मोजा, सेंटीमीटरमध्ये लिहून न्या. घातलं की गालांना घट्ट बसलं पाहिजे, बोलताना गाल दाताखाली येतोय असं वाटलं पाहिजे. पट्टा लावून मागून वरच्या बाजूला उचलून बघा, पुढे निघून येता कामा नये. डावीकडे-उजवीकडे हलवलं की कपाळाची कातडी बरोबर हलली पाहिजे. दहा-पंधरा मिनिटं तसंच घालून दुकानात थांबा. कपाळावर एकाच जागी टोचलं तर ते डोकं त्या साच्याचं नाही, दुसरं मॉडेल बघा. गिऱ्हाईक नेहमी एक नंबर मोठं मागतं, सैल बरं वाटतं म्हणून. तुमचं उडालं त्याला पट्ट्याइतकंच हेही कारण असू शकतं.

स्कूटीवाली_सांगली

वहिनींसाठी लिहिते, कारण दुकानात बायकांच्या मापाचं कुणी काढूनच दाखवत नाही.

अंबाडा किंवा वर बांधलेली पोनी असली की हेल्मेट पुढे झुकतं आणि मागे पोकळी राहते. माप घेताना केस रोज बांधतात तसे नकोत. मानेशी सैल वेणी घालून माप घ्यायचं आणि गाडीवरही तसंच बसायचं. मी कामावर पोचल्यावर अंबाडा घालते, दोन मिनिटं लागतात. आत डोक्याला पातळ सुती रुमाल बांधला तर अस्तर घामट होत नाही, पण माप घेतानाही तोच रुमाल असू दे.

त्यांना दोन्हीकडे पाय टाकून बसू दे. साडी असेल तर आत पायजमा घालून, पदर कमरेला खोचून. ओढणीची गाठ मागे नको, टोकं कुर्त्यात खोचायची. आमच्या गल्लीतल्या एका मुलीची ओढणी चाकात गेली होती. नशिबाने गाडी लगेच थांबली. गाडीला साडी गार्ड आहे ना, की काढून टाकलाय?

आणि लेकीबद्दल. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट हवंच, मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्ये तसं आहे. लहान मुलांच्या मापाचं आयएसआय हेल्मेट मिळतं. 'वाढत्या अंगाचं' म्हणून मोठं घेऊ नका, शाळेचा गणवेश नाही तो. हलकं बघा, त्यांची मान नाजूक असते. रंग तिला निवडू द्या. माझा भाचा हेल्मेट घालायला रडायचा. निळं त्याने स्वतः निवडलं, तेव्हापासून गाडीच्या आधी हेल्मेट आठवतो.

पिवळं_हेल्मेट

रांजणगावला सेफ्टी विभागात आहे. दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली खरेदीची नाही, पण तीच जास्त पैशांची आहे.

शिफ्टवाला भाऊ, तुमचा ईएसआय (कामगार राज्य विमा) कापला जातो का? स्लिप बघा. कापला जात असेल तर ते एकोणीस दिवस बिनपगारी जाऊ देऊ नका. घरून कामावर जाताना किंवा परतताना झालेला अपघात कामावरचाच धरायचा, अशी दुरुस्ती ईएसआय कायद्यात २०१० साली झाली. अपघाताची वेळ आणि जागा यांचा कामाशी संबंध दिसला पाहिजे. तुम्ही थर्ड सुटून नेहमीच्या वाटेने घरी येत होतात. हजेरीची नोंद आणि दवाखान्याचे कागद तेच सांगतात. अशा अपघातात बरं होईपर्यंतच्या दिवसांना वेतनाच्या ९० टक्के दराने पैसे मिळतात. ठेकेदाराकडून अपघाताचा अहवाल जायला हवा. तो टाळाटाळ करत असेल तर मूळ कंपनीच्या एचआरला लेखी द्या आणि ईएसआयच्या शाखा कार्यालयात स्वतः जा. उशीर झालाय म्हणून गप्प बसू नका.

दुसरी बुटांची. तुम्हाला कंपनीने सेफ्टी शूज दिले असतील. बरेच लोक ते लॉकरला ठेवून येता-जाता चप्पल घालतात. कृपा करून बूट घालूनच गाडी चालवा. घोट्याच्या वर येणारी जोडी मागता आली तर मागा. पुढची लोखंडी टोपी पडल्यावर बोटं कापते अशी एक अफवा आहे. ती टोपी २०० ज्यूलच्या माराला तपासलेली असते. तिला वाकवणारा मार साध्या बुटातल्या बोटांचं काय करील ते सांगायला नको. गाडीच्या खास बुटांसारखं घोट्याला संरक्षण यात नाही, पण चपलेच्या तुलनेत जमीन-अस्मानाचा फरक आहे. लेस आत खोचा, गिअरच्या दांड्यात अडकते.

सेफ्टीच्या सामानाच्या दुकानात १००-१५० रुपयांत चमकणाऱ्या पट्ट्यांचं जाळीचं जॅकेट मिळतं, रस्त्यावर काम करणारे घालतात ते. थर्डला जाणाऱ्या माणसाने ते घ्यावंच. पाठीवर सॅक असेल तर सॅकच्या वरून घाला, नाहीतर झाकलं जातं.

शिफ्टवाला

ईएसआय कापला जातो! मला वाटायचं तो फक्त कंपनीच्या आतल्या अपघाताला. उद्याच विचारतो.

ग्लोव्हजचं विचारायचं राहिलं. कंपनीत वेल्डिंगचे चामड्याचे ग्लोव्हज मिळतात, जुने नाहीत, नवे. ते चालतील का? तेवढेच दीड हजार वाचतील.

घाटवाट

नका घालू. चामडं जाड आहे, पण मनगटाला पट्टा नाही. घसरताना ते मोज्यासारखे निघून जातील, तुमच्या हेल्मेटचं झालं तेच. शिवाय बोटं इतकी जाड होतात की ब्रेकचा अंदाज येत नाही.

ग्लोव्हज घेताना मनगटाचा पट्टा लावा आणि दुसऱ्या हाताने बोटांकडून ओढा. निघाला तर नको. तळव्याला, विशेषतः मनगटाजवळच्या टाचेला, चामड्याचा दुसरा थर किंवा घसरणारी टणक चकती हवी, जमिनीला पहिली तीच लागते. आतल्या लेबलवर 'ईएन १३५९४' (युरोपचं मानक) दिसलं तर ते गाडीसाठी तपासलेले आहेत. वरच्या बोटांच्या गाठींना प्लास्टिकचा टणक तुकडा भारी दिसतो, पण पैसे कमी असतील तर तळवा आधी बघा.

गुडघ्याचंही सांगतो, कारण जॅकेटचा हट्ट मी सोडलाय. गुडघा-कोपर गार्डचा चारचा सेट घ्या. लेबलवर 'ईएन १६२१-१' आणि शेजारी के म्हणजे गुडघा, ई म्हणजे कोपर अशी खूण असलेला मिळाला तर उत्तम. लेव्हल १ चा आर्मर पलीकडे अंगापर्यंत सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत (जोराचं माप) मार जाऊ देतो, लेव्हल २ चा २० पर्यंत, एवढा फरक आहे. पट्टे गुडघ्याच्या वर आणि खाली असे दोन्हीकडे हवेत. गार्ड पॅन्टच्या आत घाला, म्हणजे घसरताना गोल फिरत नाही. पॅन्टवरून घातलेला फिरतो आणि ऐन वेळी गुडघा उघडा पडतो. वर जाड जीन्स. नुसती साधी जीन्स रस्त्यावर घासली की सेकंदभर टिकणं मुश्कील, तिच्यावर भरवसा ठेवू नका.

याराकाठ

मेलबर्नहून लिहितोय, मूळ साताऱ्याचा. इथे मोटोकॅप म्हणून सरकारी मदतीने चालणारी तपासणी आहे, २०१८ पासून. दुकानातून जॅकेट, पॅन्ट, ग्लोव्हज विकत घेतात, प्रयोगशाळेत घासून, आपटून, शिवण ताणून बघतात आणि तारे देतात. साईट कुणालाही फुकट बघता येते. तिथे तास घालवला की एक गोष्ट लक्षात येते. महागड्या कितीतरी वस्तूंना एक तारा आहे आणि त्यापेक्षा स्वस्त वस्तू वर आहेत. किंमत बघून संरक्षण कळत नाही.

त्याआधी २०११ मध्ये लिझ डी रोम यांच्या गटाचा इथलाच एक अभ्यास आला होता, अपघात झालेल्या दोनशेवर चालकांचा. गाडीचे ग्लोव्हज घातलेल्यांना दवाखान्यात भरती व्हायची वेळ बरीच कमी आली, पॅन्टवाल्यांनाही. जॅकेटचा फायदा होता, पण त्या दोघांहून कमी. म्हणजे रात्रपाळी ताईंनी वॉर्डात बघून जो क्रम लावला, तो आकड्यांशी जुळतो. पण त्याच अभ्यासात अपघातात सापडलेल्या जॅकेटांपैकी जवळजवळ तीस टक्के फाटली किंवा उसवली. नुसतं 'बाइक जॅकेट' लिहिलंय म्हणून विश्वास ठेवू नका.

पुढे जॅकेट घ्याल तेव्हा पाठीच्या खिशात हात घाला. या भावाच्या बहुतेक जॅकेटांत तिथे पातळ फोमचा तुकडा असतो, आर्मर नव्हे. खऱ्या पाठीच्या आर्मरवर 'ईएन १६२१-२' कोरलेलं असतं. जुनं जॅकेट घ्यायला हरकत नाही, बगलेच्या आणि खांद्याच्या शिवणी तपासून. जुनं हेल्मेट मात्र सख्ख्या भावाकडूनही घेऊ नका. ते कुठे आपटलंय हे त्यालाही आठवत नसतं.

कोकणी_पाऊस

चिपळूण. इकडचा पाऊस माहीतच आहे. चामड्याचे ग्लोव्हज भिजले की चुलीशी किंवा कडक उन्हात वाळवू नका, तडकतात. सावलीत, आत वर्तमानपत्राचे बोळे घालून. पावसाळ्यापुरते वरून घालायचे रबरी हातमोजे मिळतात, एक नंबर मोठे घ्या.

काच धुवायला साबणाचं पाणी आणि मऊ फडकं, बस. पेट्रोल, थिनर बिलकूल नको. काच पांढरी पडते, आणि पेट्रोल थर्मोकोलला लागलं तर तो विरघळतो. हेल्मेट आरशावर अडकवून ठेवायची सवय असते, तीही मोडा. आरशाच्या टोकाने आतला थर्मोकोल हळूहळू दबत जातो.

शिफ्टवाला

बारा दिवसांनी लिहितोय, पण रिकाम्या हाताने नाही.

रविवारी तिघं एसटीने पुण्याला गेलो, नाना पेठेत. आधी घरी टेपने डोकी मोजली. बायको म्हणाली, माझं आयुष्यात पहिल्यांदा कुणी माप घेतलं हेल्मेटसाठी. पहिल्या दुकानात ॲपवर क्रमांक टाकला तर परवाना सापडेना. दुकानदाराने काही न बोलता हेल्मेट उचलून आत ठेवलं. आम्ही पुढे गेलो.

माझं साधं पांढरं फुल फेस १,७५०. मला वाटत होतं मला मोठं लागतं, मापाने एक नंबर लहान निघालं. तिचं १,४५०. तिला पहिली दोन मॉडेलं कपाळाला टोचली. तिसरं बसलं, ते घालून ती वीस मिनिटं दुकानात बसली आणि वेणी तशीच ठेवली. लेकीचं ९००, पिवळं, तिनेच निवडलेलं. एसटीत परत येताना ते डोक्यावरून काढायला तयार नव्हती, तसंच झोपली.

ग्लोव्हज माझे १,६००, तळव्याला दुहेरी चामडं, ओढून बघितले, निघाले नाहीत. तिच्या मापाचे शोधायला सगळ्यात जास्त फिरलो. शेवटी छोट्या मापाचे ११५० ला मिळाले. गुडघा-कोपराचा सेट १,४००, खुणा बघून. माझ्या हेल्मेटला एक जादा साधी काच २५०. चमकणारं जॅकेट इथेच चाकणला १२०. सगळे मिळून ८,६२०. उरलेल्या ३८० मधून मागचे ब्रेक शू बदलले, ते कधीचे वाजत होते. साडी गार्ड जुन्या मालकाने काढलेला होता, मेकॅनिककडे पडलेला एक त्याने तसाच बसवून दिला, पैसे घेतले नाहीत.

सेफ्टी शूज आता घालूनच जातो. कोपराच्या गार्डवर जुनं जाड डेनिमचं जॅकेट घालतो. बाइकचं जॅकेट पुढच्या भिशीला, आणि ते दोघांचं होणार असेल तरच.

ईएसआयच्या शाखेत गेलो होतो. ठेकेदाराने आधी 'बाहेरचा अपघात आहे' म्हणून हात वर केले. मूळ कंपनीच्या एचआरला लेखी दिल्यावर चौथ्या दिवशी अहवाल गेला. पैसे अजून यायचेत, पण अर्ज घेतलाय, पोच माझ्याकडे आहे. पिवळं हेल्मेट भाऊ, तुम्ही लिहिलं नसतं तर मला हे कधी कळलं नसतं.

रात्रपाळी

दादा, वाचून डोळे भरले. वहिनी रोज घालतात ना? पहिला आठवडा जड जातो, मान दुखते, गुदमरल्यासारखं होतं. तेव्हाच बरेच जण सोडतात.

शिफ्टवाला

घालते. पहिले तीन दिवस म्हणाली कानात काही ऐकू येत नाही, आता मागून माझ्याशी ओरडून बोलते. तिच्या कामावरच्या दोघी मैत्रिणींनी दुकानाचा पत्ता मागून घेतलाय.

एक विचारायचं होतं. गुडघ्याच्या गार्डला आठवड्यातच घामाचा वास यायला लागला. मशीनमध्ये टाकले तर चालतील का?

घाटवाट

मशीन नको. आतला आर्मर काढता येत असेल तर काढा, कापड कोमट पाण्यात साबण घालून हाताने धुवा आणि सावलीत वाळवा. आर्मर नुसता ओल्या फडक्याने पुसा. पट्ट्यांचे वेल्क्रो धुताना बंद ठेवा, नाहीतर त्यात दोरे अडकून पकड जाते.